थंड तोटीची कुळकथा

कोकणात राजापूरजवळ उन्हाळे गावात एका दगडी गोमुखातून ऊन पाणी पडतं. पडतं म्हणजे रात्रंदिवस पडतच असतं, त्याला ना कॉक ना चावी. पाणी चाळीस अंशांच्या पुढचं, त्यामुळे गोमुखाचा दगडही हाताला ऊन लागतो. तिथून जवळच गंगेची चौदा कुंडं आहेत. गंगा साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलंय. पण आली की काशीकुंडावरच्या गोमुखातून पडणारं पाणी गार असतं आणि त्याचा दगडही गार. डोंगर तोच, डोक्यावरचं ऊन तेच. तरी एक तोंड ऊन आणि दुसरं गार, कारण तोंडाला स्वतःचं असं तापमान नसतंच. त्यातून जे वाहतं त्याचं तापमान ते घेतं, आणि वाहणं थांबलं की भोवतालच्या हवेचं घेतं.

थंड पेयाच्या तोटीचा सगळा इतिहास म्हणजे या दुसऱ्या गोष्टीशी चाललेली झटापट. आपल्या तोट्या वाहत्या नसतात. एक गिऱ्हाईक येतो, ग्लास भरतो, जातो. दुसरा येईपर्यंत तोटी उन्हात उभी राहते. एसटी स्टँडवरच्या स्टीलच्या कूलरमधला पहिला घोट कोमट लागतो तो म्हणूनच. टाकीतलं पाणी गारच असतं, पण टाकीतून बाहेर आलेल्या अर्ध्या इंची नळीत जे पाणी अडकून बसलेलं असतं ते आधी आपल्या वाट्याला येतं. वीतभर नळीत वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे दोन घोट. त्यात तोटी पितळेची असली तर बाहेरची उष्णता आत नेण्याचं काम ती स्टीलच्या सातपट आणि प्लॅस्टिकच्या शेकडोपट वेगाने करते. माठाला लावलेली ती स्वस्तातली प्लॅस्टिकची तोटी दिसायला दरिद्री वाटते, पण या एका बाबतीत ती पितळेच्या तोटीला भारी आहे.

जुन्या पाणपोयांना ही अडचण नव्हती, कारण त्यांना तोटीच नव्हती. पाणपोई आपल्याकडे फार जुनी. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा केल्या, असं त्यात कोरलेलं आहे. प्रपा म्हणजे पाणपोईच. पुढे शतकानुशतकं तिचं सामान एकच राहिलं: सावलीत अर्धा पुरलेला रांजण, त्यावर झाकण आणि हातात ओगराळं. ओगराळं थेट पोटातलं पाणी काढतं, त्यामुळे पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच गार.

मग ओगराळं का गेलं? स्वच्छतेचं कारण आहेच, पण ते पूर्ण नाही. ओगराळं कोणाच्या हातात आणि ओंजळ कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे पाण्याच्या गारव्याहून फार मोठा होता. काहींना भांड्याला हात लावायची मुभा, काहींना वरून, लांबून, धार धरून. कोकणातच, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी पिऊन दाखवावं लागलं. तोटीला निदान मधला माणूस लागत नाही. चावी फिरवली की पाणी, देणाऱ्याचा चेहरा बघायची गरज नाही. म्हणून कुणी लगेच समान झालं असं नाही, वेगळे नळही ठेवले गेलेच. तरीही तोटीमुळे पहिला घोट कोमट होतो, ही तक्रार करताना तोटीने हा जो मधला माणूस काढून टाकला तो हिशेबात धरायला हवा.

आता माठ. माठाचं कौतुक करणारे लेख बहुतेक घाटावरून लिहिलेले असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४३ वर आणि हवेत ओल २० टक्के असेल, तर पाझरणारा माठ पाणी २५ अंशांच्या जवळ आणू शकतो. म्हणजे अठरा अंशांची उतरण. राजापुरात त्याच महिन्यात पारा ३४ आणि ओल ६० टक्के धरा. आता माठ जिवाचं रान करून पाझरला तरी २८ च्या खाली उतरत नाही, सहा अंशांवर त्याचा दम संपतो. हवेत जागाच नसते, पाण्याने उडून जायचं कुठे? कोकणात माठ घामाघूम होऊन बसतो आणि पाणी आपलं तसंच.

याउलट कोकणात जमिनीखालचं पाणी बारा महिने सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. म्हणजे मे महिन्यात विहिरीतून नुकतं शेंदलेलं पाणी दिवसभर पाझरलेल्या माठाहून कांकणभर गारच. कोकणी माणसाला यासाठी थर्मामीटर लागला नाही. डोंगरातला झरा पाटाने आणायचा, जिथे घळ आडवी आली तिथे पोफळीचा सोट चिरून, कोरून त्याची पन्हळ टाकायची आणि परड्यातल्या दगडी डोणीत ती धार अखंड सोडायची. पन्हळीचं टोक म्हणजे तोटीच, पण न थांबणारी. डोण भरून वाहिली की पाणी खाली पोफळींना, केळींना, अळवाला. वाया जाण्याचा प्रश्नच नाही, म्हणून धार बंद करायचाही नाही. थंड तोटीचा इतका साधा आणि बिनखर्ची तोडगा मला दुसरा माहीत नाही. त्याला फक्त एक डोंगर, एक झरा आणि खाली एक बाग लागते. बाजारपेठेत यातलं काहीच नसतं. ब्रिटिश काळात कोदवली नदीवर धरण झालं, त्याचं पाणी राजापूर शहरात आलं आणि चावीचा नळ आला. चावी आली की पाणी थांबलं, आणि थांबलं की तापलं.

श्रीमंतांनी आणि दरबारांनी तोपर्यंत वेगळी वाट धरली होती. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत आबदारखाना आणि शरबतखाना अशी दोन वेगळी खाती सापडतात. पाण्याचं खातं निराळं, सरबताचं निराळं. मोगलांकडचा आबदारखाना कसा चाले हे अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त मापांसकट लिहून ठेवलंय: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा, शेरभर पिण्याचं पाणी भरलेली तोंड बंद केलेली सुरई त्यात पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि सुरईतलं पाणी गार होतं. इथेही तोटी नाही. सुरई काढली, पुसली, ओतली. पाणी रेंगाळायला नळीच ठेवली नाही.

    

मग आला बर्फ. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा तळ्यांवरचा बर्फ कापून, भुश्शात गुंडाळून जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये त्याचं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि वाटेत बराच बर्फ वितळूनही शंभरेक टन उरला. मुंबईत १८४३ मध्ये बर्फघर उभं राहिलं. त्या जागेवर आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. बर्फ आल्याने थंडी हातात आली, पण ती ग्लासात टाकायची थंडी होती. नळ तसाच गरम.

नळ थंड ठेवायची खरी निकड पाण्याने निर्माण केली नाही, बिअरने केली. पाणी कोमट आलं तर माणूस कुरकुरतो आणि पितो. बिअर कोमट नळातून आली तर ग्लासात येतो फक्त फेस, आणि फेसाचे पैसे कोणी देत नाही. याचं कारण वायूत आहे. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साध्या हवेच्या दाबाखाली जवळपास १.७ लिटर कर्बवायू विरघळून राहतो, २५ अंशांना ०.८ लिटरच्याही खाली. पिंपातून थंडगार निघालेली बिअर तापलेल्या नळाला भिडली की त्या इंच-दोन इंचांत वायूचा जीव घुसमटतो आणि तो उसळून बाहेर पडतो. शीतकरणाचं यंत्रही दारूभट्टीच्याच ओसरीवर मोठं झालं. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेने १८७० च्या दशकात आपली पहिली यंत्रं म्युनिकच्या बिअर कारखान्यासाठी बनवली. आज दूध, मासळी, औषधं ज्यावर टिकतात त्या विद्येला सुरुवातीचा बराच पैसा पिणाऱ्यांच्या खिशातून आलाय, हे निर्व्यसनी माणसांनी अधूनमधून आठवावं.

यंत्राने पिंप थंड झालं, तळघर थंड झालं. पण पिंपापासून नळापर्यंतची नळी आणि गुत्त्याच्या टेबलावर उभा असलेला तो चकचकीत खांब उघड्यावरच राहिला. त्यावर तऱ्हेतऱ्हेचे इलाज निघाले. नळी वेटोळं करून बर्फाच्या पेटीतून न्यायची. पिंपाच्या कपाटातली थंड हवा छोट्या पंख्याने खांबाच्या पोकळीत वर फुंकायची. आणि सगळ्यात पक्का उपाय म्हणजे बिअरच्या नळीला खेटून दुसरी नळी टाकायची, तिच्यात ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण भरायचं, आणि ते नळाच्या गळ्यापर्यंत नेऊन परत आणायचं. ग्लायकॉलमुळे हे मिश्रण शून्याच्या खालीही गोठत नाही. या नळ्यांच्या गुंडाळलेल्या जाडजूड जुडग्याला इंग्लंडातल्या गुत्त्यांत पायथन, म्हणजे अजगर म्हणतात. बिअर थांबली तरी शेजारचं मिश्रण थांबत नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलॅली या छोट्या बिअर कारखान्याने बिअर गाळायला घेतली, त्यानंतर ही विद्या आपल्याकडेही कारागिरांच्या हातात आली. दोन नळ्या, एक पिण्याची आणि एक नुसती वाहण्याची. पन्हळीचंच तत्त्व हे. फक्त डोंगराच्या जागी पंप आणि झऱ्याच्या जागी कॉम्प्रेसर.

कोकणात हे शहाणपण आलं ते सोड्याच्या यंत्रातून. पूर्वी सोडा म्हणजे गोटीची बाटली. अंगठा दाबायचा, गोटी आत, सोडा बाहेर. नळाचा संबंध नाही. आता महामार्गावर आणि बाजारपेठांत आठ-दहा कॉक ओळीने लावलेली सोडा मशीन दिसतात: जिरा, लिंबू, काला खट्टा आणि आपल्याकडे हटकून कोकम. मशीनच्या पोटात गार पाण्याची टाकी, त्यात स्टीलची कॉइल आणि कॉइलमधून गॅस भरलेलं पाणी. कॉक बाहेर. सकाळचा पहिला ग्लास फसफसून सांडतो तो त्या बाहेरच्या चार बोटं नळीमुळे. जाणता दुकानदार तो ओतून देतो आणि मगच गिऱ्हाइकाकडे बघतो.

इथे कोकणची हवा दुसऱ्यांदा आडवी येते. ३४ अंश आणि ६० टक्के ओल असताना २५ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमायला लागतं. सोड्याच्या कॉकला धारा लागलेल्या बघून गिऱ्हाईक खूश होतो, बघा किती गार! खरं तर तो घाम कॉकला गरम करत असतो. माठातून एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातं, आणि तेच ग्रॅमभर पाणी हवेतून कॉकवर बसलं की तेवढ्याच परत टाकतं. ५८ ग्रॅम सोडा १० अंशांनी तापवायला एवढं पुरे. नागपूरची कोरडी हवा माठाची उष्णता नेते. राजापूरची दमट हवा माठातून फारसं काही नेत नाही आणि वर थंड नळावर आणून ओतते. म्हणून विदर्भात तोटीला ओलं फडकं गुंडाळणं शहाणपणाचं, तर कोकणात सोड्याच्या कॉकला ओलं फडकं गुंडाळणं निव्वळ वेडेपणा. इथे हवं ते कोरडं वेष्टण: पाइपवर चढवायची काळी फोमची नळी, तीही सांधे टेपने बंद करून, नाहीतर ओल आत शिरून तिथेच मुरते. त्याहून चांगलं म्हणजे नळीच न ठेवणं आणि कॉक थेट गार टाकीच्या भिंतीत बसवणं. नवी मशीन तशी येऊ लागली आहेत. किंमत जास्त, पण वाया जाणारा सोडा धरला तर फार नाही.

ज्यांना कॉम्प्रेसर परवडत नाही ते अजून बर्फाची पेटी वापरतात. सरबताची कॉइल पेटीत, वर बर्फाची लादी फोडून टाकलेली. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांचं मुख्य गिऱ्हाईक मासळी. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात त्याला निळा रंग घालायचा नियम आहे. आता सरबत कॉइलच्या आत आणि बर्फ बाहेर, दोघांची गाठ पडत नाही, तेव्हा पेटीत निळा बर्फ टाकला तर तत्त्वतः काही बिघडत नाही. पण गर्दीच्या वेळी कुणी “जरा बर्फ टाक रे” म्हटलं की तोच हात त्याच पेटीत जातो. म्हणून गाडीवर सरबत सांगण्याआधी मी पेटीचं झाकण उघडायला लावतो, आणि पांढरा बर्फ दिसला तरच ग्लास हातात घेतो.