जुळणीचं दुकान

निपाणीत आमच्या दुकानाला लोक अजून ‘प्रेस’च म्हणतात. छपाईचं ट्रेडल मशिन विकून कितीतरी वर्षं झाली, पण मुरगूड रोडला कुणी पत्ता विचारला तर हाच शब्द चालतो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, खिळे जुळवून छापायचे. तंबाखूच्या वखारींची पावतीपुस्तकं, विड्यांची लेबलं, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं. आणि निवेदनं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी छापखान्यांना निवेदनांचं काम कायमचं लागलं. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. त्या दिवसांत आण्णांच्या केसमधले ‘त’चे खिळे पुरायचे नाहीत. तंबाखू, शेतकरी, मागतो, करतो, प्रत्येक ओळीत ‘त’. एक पान छापून झालं की खिळे सोडवायचे, धुवायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचं पान बांधायचं. छापलेला कागद तेवढा उरायचा, जुळणी उरत नसे.

१९९६ ला मी कॉम्प्युटर आणला, तेव्हा आण्णांना नेमकं हेच आवडलं की जुळणी मोडावी लागत नाही. पेजमेकर आणि श्री-लिपी. श्री-लिपीचा डोंगल मागं प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, त्याशिवाय फॉन्ट चालत नसे.

सगळी जुळणी आता हार्ड डिस्कवर राहायची. ज्या वर्षी आमचं राज्य बदललं त्याच १९५६ मध्ये आयबीएमनं अमेरिकेत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. त्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्यात मावायची ५० लाख अक्षरं. माझी ४० जीबीची डिस्क तळहातावर राहायची आणि तिच्यात त्याच्या आठ हजार पट मावायचं. आत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिला न टेकता तरंगतं. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. हे मला ठाऊक होतं, तरी दुसरी कॉपी ठेवली नव्हती.

२००९ च्या पावसाळ्यात पॉवर सप्लाय जळाला. मशिन दुरुस्तीला दिलं, चार दिवसांनी परत आलं. चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, डिस्क बूट फेल्युअर. बायॉसमध्ये पाहिलं तर डिस्कच दिसेना. झाकण काढलं. केबल घट्ट होती. डिस्कच्या पाठीमागं तांदळाच्या दाण्याएवढा जंपर असतो, तो मास्टरवरून स्लेव्हवर गेलेला होता. त्याच केबलवर सीडी ड्राइव्हही स्लेव्हच. एका घरात दोन धाकटे आणि थोरला कुणीच नाही, म्हटल्यावर मशिनला दोघंही दिसेनात. चिमट्यानं जंपर जागेवर बसवला, डिस्क दिसली, विंडोज सुरू झालं. मी बायकोला हाक मारून सांगितलं, झालं म्हणून.

पाच मिनिटांनी आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागं जातं आणि पुन्हा शोधू लागतं, तो हा आवाज. मी घाबरून दोनदा मशिन बंद-चालू केलं. तेच करायचं नव्हतं.

कोल्हापुरात ओळखीचा एक पोरगा होता. फोनवरच ओरडला, “काका, हात लावू नका. चेकडिस्क तर अजिबात चालवू नका, राहिलेलं पण जाईल.” चेकडिस्क आजारी डिस्कवर लिहायला जाते. मी मशिन घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं आमच्या डिस्कवर काहीही न लिहिता लिनक्सच्या सीडीवरून मशिन चालू केलं, शेजारी नवी डिस्क लावली आणि विचारलं, “आधी कुठलं फोल्डर काढू? ही मध्येच दम सोडंल.”

मी म्हटलं, अर्ज.

२००० नंतर कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेत जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर गेले, ते कन्नडमध्ये. आसपासच्या खेड्यांतली माणसं उतारा घेऊन यायची. कुणाकडून तरी तो वाचून घ्यायची आणि मराठीत अर्ज करून मागायची. सर्व्हे नंबर, वाटण्या, वारसांची नावं, सगळं आमच्या फोल्डरात होतं. तेवढं निघालं. लग्नपत्रिकांचं फोल्डर अर्ध्यात असताना टकटक थांबली आणि डिस्क फिरायचीच बंद झाली. हजारो पत्रिकांची जुळणी गेली.

घरी येऊन नव्या मशिनवर अर्ज उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा पाला. युनिकोडच्या आधीचे आमचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसलेले. फॉन्ट नसला की त्या जागा उघड्या पडतात. म्हणून जुना पेंटियम अजून टेबलाखाली ठेवला आहे, मागं डोंगल लावून.

गेल्या महिन्यात एक तरुण आला. त्याच्या आजोबांचा २००४ चा अर्ज हवा होता. बँकेच्या कागदावर त्यांचं आडनाव इंग्रजीतून फिरून आलेलं, ‘ळ’चा ‘ल’ झालेला. पेंटियमला सुरू व्हायला सात मिनिटं लागली. कागद निघाला तसा त्यानं उजेडात धरला आणि आडनावावर बोट ठेवलं. ‘ळ’ होता. त्यानं तीन प्रती मागितल्या.