एककक्ष प्रसूतिसेवा

एककक्ष प्रसूतिसेवा म्हणजे प्रसूतिवेदना, प्रसूती, त्यानंतरची विश्रांती आणि नवजात अर्भकाची देखभाल या सर्व अवस्था एकाच खोलीत पार पाडण्याची रुग्णालयीन पद्धत होय. प्रचलित पद्धतीत स्त्रीला वॉर्डातून प्रसूतिकक्षात व तेथून बाळंतिणींच्या वॉर्डात हलवले जाते. एककक्ष पद्धतीत स्त्री जागेवरच राहते. परिचारिका व साधने तिच्याकडे येतात.

पार्श्वभूमी

वऱ्हाडात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. घरातील बाळंतिणीच्या खोलीत आई व बाळ एकत्रच असत. मात्र कोंदट हवा व शेकशेगडीचा धूर नवजाताच्या श्वसनास अपायकारक ठरे. रुग्णालयीन प्रसूतीमुळे सुरक्षितता वाढली, परंतु जवळच्या माणसांचा सहवास व एकांत कमी झाला. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ या नावाने ओळखले जाते.

शासकीय धोरण

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रसूतिवेदना, प्रसूती व त्यानंतरचे सुमारे चार तास स्त्रीने एकाच खाटेवर राहावे, ही संकल्पना मांडली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात एकांत, सन्मानपूर्वक वागणूक व सोबतीण यांवर भर आहे. जिल्हा रुग्णालये या कार्यक्रमाच्या कक्षेत येतात. ही व्यवस्था पूर्ण एककक्ष सेवा नव्हे. चार तासांनंतर बाळंतिणीला वॉर्डात हलवले जाते. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११) सामान्य प्रसूतीनंतर तीन व सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत आहार विनामूल्य मिळतो.

मातेवरील परिणाम

कॅनडातील व्हँकूव्हर येथील अभ्यासात एककक्ष सेवा घेतलेल्या माता अधिक समाधानी आढळल्या. मात्र हा अभ्यास कमी जोखमीच्या प्रसूतींपुरता होता. सोबतीची व्यक्ती सतत जवळ असल्यास मातेची भीती कमी होते व सामान्य प्रसूतीची शक्यता वाढते.

अर्भकावरील परिणाम

आईच्या त्वचेशी स्पर्श राहिल्याने अर्भकाची ऊब टिकते आणि पहिल्या तासात चीक पाजणे सुलभ होते. कमी वजनाच्या अर्भकांसाठी याचे महत्त्व अधिक आहे. भारत व आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ अर्भकांचा समावेश होता. जन्मानंतर लगेच कांगारू मातृसेवा मिळालेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर प्रकृती स्थिर झाल्यावर ती मिळालेल्या गटात १५.७ टक्के होते. पहिल्या गटातील माता अतिदक्षता कक्षात बाळासोबतच राहत होत्या.

मर्यादा

स्वतंत्र खोली हे कुशल मनुष्यबळास पर्याय ठरत नाही. रक्तस्राव किंवा अर्भकाचा श्वास अडकणे अशा प्रसंगी खोलीत तत्काळ मदत पोहोचणे आवश्यक असते. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत रुग्णालयापर्यंत वेळेवर पोहोचणे हाच पहिला प्रश्न आहे. यासाठी आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ योजनेतून गर्भवतीस प्रसूतीपूर्वी काही दिवस राहण्याची सोय केली जाते. जागा अपुरी असल्यास पडदे, सोबतीण आणि आई-बाळाची ताटातूट टाळणे या उपायांनी एककक्ष सेवेचे काही लाभ सामायिक वॉर्डातही मिळू शकतात.