ऑक्टेनचा आकडा आणि कमी संपीडनाचे इंजिन

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर मिळू लागल्यापासून परिचित मंडळी मला दोन प्रश्न विचारतात. गाडीचे मायलेज का घटले, हा पहिला. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते म्हणतात, मग गाडीची ताकद का वाढली नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा शंभर वर्षे जुना आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतील लंबवर्तुळाकार शर्यतमार्गांवर मिळते. कमी संपीडनाच्या इंजिनात कोणते इंधन घालावे, हा तेथे आजही जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी थोडे भौतिकशास्त्र. सिलिंडरमध्ये शिरलेले हवा-इंधनाचे मिश्रण दट्ट्या किती पट दाबतो, ते संपीडन गुणोत्तर. आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता, वायूचे गुणधर्म सोडले तर, केवळ याच गुणोत्तरावर ठरते. गुणोत्तर ९ असेल तर ती सुमारे ५८ टक्के येते, १३ असेल तर सुमारे ६४. प्रत्यक्ष इंजिन यापेक्षा बरेच खाली राहते, पण दिशा हीच. मग दाबतच का जाऊ नये? कारण ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच दूरच्या कोपऱ्यातले तापलेले मिश्रण आपोआप पेट घेते. दाबाच्या लाटा उसळतात, इंजिन खडखडते आणि प्रसंगी दट्ट्याला भोक पडते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू असतानाच संपीडन बदलता येईल असे प्रायोगिक इंजिन बांधले. प्रत्येक इंधन किती संपीडनापर्यंत निमूटपणे जळते, हे त्यांनी त्यावर मोजले आणि त्या मर्यादेला उपयुक्त संपीडनाची कमाल सीमा मानले. पुढे ग्रॅहम एडगर यांनी हेप्टेनला ० आणि आयसो-ऑक्टेनला १०० गुण देऊन मोजपट्टी तयार केली. हाच आपला ऑक्टेन अंक. इंधनात किती ऊर्जा आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. दाब आणि उष्णता सोसून ते ठिणगीची वाट किती धीराने पाहते, एवढेच त्यातून कळते.

हा भेद जाणकारांना कळत होता. बाजारात मात्र आकडाच विकला गेला, आणि त्याच्याबरोबर शिसेही आले.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजले यांना असे आढळले की टेट्राएथिल लेडची अल्पशी मात्रा खडखडाट थांबवते. अल्कोहोलनेही तो थांबतो, हे त्यांना त्याआधीच ठाऊक होते. परंतु अल्कोहोलवर एकस्व मिळवणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तीन गाड्यांनी तेच वापरले. याहून चांगली जाहिरात कोणती असणार? ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवणारे ५ कामगार विषबाधेने दगावले. त्यानंतर पत्रकारांपुढे मिजले यांनी ते द्रव्य हातांवर ओतून दाखवले. आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे त्यांना स्वतःला विश्रांतीसाठी काम सोडून जावे लागले होते, हे येथे नोंदवलेले बरे.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. अमेरिकेच्या रस्त्यांवरून ते १९९६ मध्ये गेले, पण शर्यतींना सूट राहिली. नॅस्कारच्या प्रमुख मालिकेने शिसे सोडले ते २००७ मध्ये. या बदलाचा माग घेणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतमार्गांजवळच्या मुलांमधील शिशाचे वाढलेले प्रमाण आणि वृद्धांचे मृत्यू, दोन्ही त्यानंतर घटल्याचे त्यात दिसले. इंधनाची निवड हा केवळ चालकाच्या हौसेचा विषय नाही, तो असा.

आता कमी संपीडनाचे इंजिन पाहू. छोट्या मातीच्या मार्गांवर खर्च आटोक्यात राहावा म्हणून जनरल मोटर्सचे ‘६०२’ हे ५.७ लिटरचे इंजिन लोकप्रिय आहे. त्याचे संपीडन ९.१. कुणी ते आतून बदलू नये म्हणून कारखान्यातूनच बोल्टांना मोहर लागून येते. अशा इंजिनात ११० ऑक्टेनचे शिसेयुक्त इंधन ओतून काय साधते? ठिणगी ज्या क्षणी टाकली असता टॉर्क सर्वाधिक मिळतो, त्या क्षणापर्यंत खडखडाट न होता जाता आले की वरचे ऑक्टेन निरुपयोगी. ९.१ च्या इंजिनाची ही गरज पंपावरचे उत्तम पेट्रोल बहुधा भागवते. (अमेरिकी पंपावरचा आकडा आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने काढतात. तेथील ९३ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९८.) शर्यतीच्या इंधनाचा खरा फायदा असलाच तर तो इतरत्र असतो. प्रत्येक पिंपातले मिश्रण एकसारखे असते, बाष्पनशीलता नेमकी असते आणि काहींत ऑक्सिजनयुक्त घटकही असतात.

मिथेनॉलची गोष्ट निराळी. एक किलो मिथेनॉलमध्ये सुमारे २० मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ४३. पण इंजिनाची मर्यादा हवेची असते. एक किलो पेट्रोलला जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला जेमतेम ६.५. म्हणजे हवेच्या प्रत्येक किलोमागे मिथेनॉल ३.१ मेगाज्यूल देते आणि पेट्रोल २.९. शिवाय त्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा पेट्रोलच्या तिपटीहून अधिक. आत शिरणारी हवा थंड होते, तिची घनता वाढते. हा लाभ कमी संपीडनातही हाती लागतो, कारण तो ऑक्टेनचा नव्हेच. बदल्यात इंधन दुपटीहून अधिक खर्ची पडते आणि ॲल्युमिनियमचे भाग गंजतात.

१९६४ च्या इंडियानापोलिस शर्यतीत पेट्रोलच्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड हे दोन चालक मरण पावले. त्यानंतर तेथे मिथेनॉल रूढ झाले. त्याची आग साध्या पाण्याने विझते, मात्र उजेडात ज्योत दिसत नाही. १९८१ मध्ये रिक मिअर्स इंधन भरताना पेटले, तेव्हा भोवतालच्या लोकांना आग कुठे आहे हेच समजेना.

आपल्या २० टक्क्यांकडे परतू या. इथेनॉलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खरेच वरचे आहे, पण ते वसूल करायचे तर इंजिनाचे संपीडन वाढवावे लागते. जुन्या गाडीचे संपीडन कारखान्यात ठरून गेले आहे. तिला लिटरमागे कमी झालेली ऊर्जा तेवढी जाणवते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट अंदाजली आहे, दुचाकींना ३ ते ४. तोच आराखडा असेही म्हणतो की १० टक्क्यांसाठी रचलेल्या आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्क्यांवर येते.