म्हशीच्या रक्तातला ‘सर्रा’

१८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यांना ‘सर्रा’ झालेल्या घोड्यांच्या रक्तात वळवळणारे परजीवी दिसले. रोगाचे मूळ हेच, हे त्यांचे म्हणणे वरिष्ठांनी मानले नाही. पाच वर्षांनी ब्रह्मदेशातील खेचरांत तोच जीव पाहून जे. एच. स्टील यांनी त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील पुढे परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य.

घोडा मरतो, म्हणून बोभाटा होतो. म्हैस मात्र पुष्कळदा धडधाकट दिसत हा परजीवी बाळगते; गोमाशी तो पुढे नेते. खरी अडचण तीच. म्हणून तिचे रक्त बारीक नळीत वेगाने फिरवतात. तळाशी बसलेल्या तांबड्या पेशींचा थर मोजला की रक्तक्षय कळतो, आणि परजीवी असलाच तर त्या थराच्या माथ्यावर, पांढऱ्या पेशींलगत सापडतो.