दोन सुग्यांचे मजूर

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात आणि गाळप संपले की आपापले गाव गाठतात. कामामागे फिरणारी माणसे आपल्याला नवी नाहीत. परंतु सुगीसाठी अटलांटिक महासागर ओलांडायचा आणि ती आटोपताच पुन्हा तोच महासागर ओलांडून घरच्या शेतावर हजर व्हायचे, हे सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९१४ पर्यंत इटलीतल्या हजारो शेतमजुरांनी हे केले. अर्जेंटिनात त्यांना ‘गोलोन्द्रीना’ म्हणत. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ पाकोळी.

सारा हिशेब ऋतूंचा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऐन उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. इटलीतली शेते गारठू लागली की मजूर जेनोव्हाच्या बंदरात बोटीच्या तिसऱ्या वर्गात शिरे. सांता फे प्रांतात गव्हाची कापणी आधी सुरू होई, मग ती दक्षिणेकडे, ब्वेनोस आयरेस प्रांतात सरके. पाठोपाठ मजूर. काही जण मक्यासाठीही थांबत. उघड्यावर झोपायचे, पहाटे उठून कापायचे, वाफेच्या मळणीयंत्राला पेंढ्या पुरवायच्या. धान्य पोत्यांतून बंदरावर जाई, आणि त्या पोत्यांचा ताग बव्हंशी आपल्या बंगालचा! रेल्वेशिवाय हे घडतेच ना. १८७० साली अर्जेंटिनात साडेसातशे किलोमीटरही रूळ नव्हते. १९१४ साली ते तेहतीस हजारांवर गेले. एके काळी गहू बाहेरून आणणारा हा देश तोवर जगातल्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला होता.

या पाकोळ्यांची नोंद मात्र विचित्र झाली. १८७६ च्या अर्जेंटिनी कायद्याप्रमाणे दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाने येणारा परका कामकरी हा ‘स्थलांतरित’. म्हणजे एकच माणूस पाच सुग्यांना आला, तर वहीत पाच स्थलांतरित! आगमनाचे आकडे फुगले ते काही अंशी यामुळेच. वहीतला रकाना आणि माणूस यांतले अंतर सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

सरकारांना या मजुरांची किंमत ठाऊक होती. १९११ साली इटालियन बोटींवरच्या आरोग्य तपासणीवरून दोन देशांचे बिनसले आणि इटलीने अर्जेंटिनाला जाण्यावर बंदी घातली. ती उठली १९१२ मध्ये. भांडण सरकारांचे, आणि बुडाली ती मजुराची सुगी.

१९१४ च्या महायुद्धाने बोटींची ये-जा तोडली. आदल्या वर्षीपर्यंत गहू कापणाऱ्या अनेक हातांत १९१५ पासून बंदुका आल्या. युद्धानंतर लोक पुन्हा येऊ लागले खरे, पण विसाच्या दशकात कापणी-मळणी एकदमच करणारी यंत्रे त्या गवताळ मैदानात दिसू लागली, आणि पाकोळ्यांची गरज दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली.