लंकेचे उपकार

रामरायाला एकट्या सीतेसाठी समुद्रावर सेतू बांधावा लागला. आम्हाला मात्र लता, रफी, तलत ही सगळी मंडळी लंकेहून घरबसल्या मिळत. सेतूचं काम चाळीच्या गॅलरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेली एरियलची तार करी.

ही वेळ आणली एका पुणेकरानं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. सिनेमाची गाणी उथळ, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी गाण्यांना कात्री लावली, सिनेमाचं नाव सांगायला बंदी केली. निर्मातेही हट्टाला पेटले. झालं! आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार. जनतेनं मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. रेडिओचा काटा तेवढा हळूच कोलंबोकडे फिरवला. इतका आरामशीर सत्याग्रह इतिहासात दुसरा नसावा.

त्याच साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी ती मुंबईत ध्वनिमुद्रित करीत, फिती कोलंबोला जात आणि गाणी बुधवारी रात्री माहेरवाशिणीसारखी मुंबईला परत येत. खर्च टूथपेस्टवाल्यांचा. ऐकणारे आम्ही दात घासायचो राखुंडीनं!

रेडिओला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागे. परवाना एकाचा, कान अख्ख्या मजल्याचे. समोरच्या खोलीतल्या काकू ऐन तिशीत विधवा झालेल्या. दिवसभर शिवणाचं मशीन चालवून दोन पोरं वाढवत होत्या. बुधवारी आठ वाजता मशीन थांबे आणि त्या आमच्या उंबऱ्याशी येऊन बसत. तेवढ्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा चाळीचा अलिखित कायदा. आईनं एकदा विचारलं, "एवढं काय असतं हो त्या गाण्यांत?"

"वहिनी, माझं रडणं दुसरं कुणीतरी सुरात रडतं. मग मला उद्याची कापडं बेतायला मोकळीक मिळते."

यावर आई काही बोलली नाही. रेडिओचा आवाज तेवढा वाढवला.

केसकरांवर मात्र राग धरवत नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. त्यामुळे एरवी दर्शनही दुर्लभ असे मोठमोठे गवई थेट आमच्या खोलीत येऊन गायले. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचं 'गीतरामायण' सुरू झालं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. आणि १९५७ साली विविध भारती काढून सिनेमाची गाणीही त्यांच्याच खात्यानं घरी आणली. उपकार मोजायला बसलं तर हिशेब असा गुंतागुंतीचा होतो!

विविध भारती लागली तेव्हा आम्ही काकूंना म्हटलं, "आता कोलंबोची खरखर कशाला?"

"वा रे! अडीनडीला ज्यानं उधार दिलं, त्या वाण्याचं दुकान रोकड आल्यावर सोडायचं का?"

आणि बुधवारी आठ वाजता त्या उंबऱ्याशी हजर होत्या.