हरवलेली पोथी: लीळाचरित्र आणि ‘क्यू’

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १३व्या शतकात रिद्धपूर (जि. अमरावती) येथे लिहिल्या. तेच ‘लीळाचरित्र’. महानुभाव परंपरेनुसार मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली. मग अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला आणि त्याचे अनेक पाठ झाले. वि. भि. कोलते यांनी पोथ्या ताडून पाहत केलेली आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.

ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या अभ्यासातही हरवलेल्या ग्रंथाचा वाद आहे. मत्तय आणि लूक यांच्यात सारखी असलेली, पण मार्कमध्ये नसलेली येशूची वचने एका जुन्या लेखी संग्रहातून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या संग्रहाला ‘क्यू’ म्हणतात. काहींच्या मते लूकने ती थेट मत्तयकडून घेतली.

फरक एवढाच, की म्हाइंभटांच्या पोथीची आठवण परंपरेने जपली आहे. ‘क्यू’ मात्र केवळ तर्कातून उभा आहे.